कंपोस्टेबल पॅकेजिंग : खरेदी करणाऱ्यांचे प्रश्न

कंपोस्टेबल पिशव्या, पेले, पाउच आणि बायोप्लास्टिक यांविषयी खरेदी विभागात काम करणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. एक गोष्ट बहुतेक उत्तरांत डोकावेल, म्हणून ती आधीच सांगतो : वापर झाल्यावर वस्तू कोणत्या डब्यात पडणार आणि तिथून कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय कंपोस्टेबल मालाचे दरपत्रक मागवू नये.

प्रश्न : एकच पुरवठादार त्याच पिशवीला कधी ‘बायोप्लास्टिक’, कधी ‘बायोडिग्रेडेबल’, तर कधी ‘कंपोस्टेबल’ म्हणतो. तिन्ही एकच का?

नाही. आणि हा गोंधळ दरवेळी अजाणतेपणीच होतो असेही नाही.

‘बायोप्लास्टिक’ या नावाखाली दोन वेगळे गुण खपवले जातात. कच्चा माल वनस्पतीपासून आला का, हा एक. वापरानंतर सूक्ष्मजीव तो पदार्थ खाऊन संपवतात का, हा दुसरा. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. उसाच्या इथेनॉलपासून केलेले पॉलिथिन रेणूच्या पातळीवर पेट्रोलियमच्या पॉलिथिनसारखेच असते. वनस्पतीजन्य असूनही ते कुजत नाही. याउलट पीबीएटी हे मऊ पॉलिएस्टर आजही बहुतांशी पेट्रोलियमपासून बनते, पण औद्योगिक कंपोस्टमध्ये ते कुजते. बाजारातल्या बहुतेक कंपोस्टेबल पिशव्यांत हेच पीबीएटी असते, त्यात पीएलए किंवा स्टार्च मिसळलेला असतो. पीएलए मका किंवा ऊस यांच्या साखरेपासून केलेल्या लॅक्टिक आम्लापासून होते. पीएचए जिवाणूंच्या पेशींत तयार होते.

वनस्पतीजन्य अंश किती, हे कार्बन-१४ मोजून कळते. या कार्बनचा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षे. पेट्रोलियम इतके जुने की त्यात तो उरलेलाच नसतो. एएसटीएम डी६८६६ ही त्याची चाचणी. तिचा अहवाल दाखवून कोणी ‘हे कुजते’ म्हणत असेल तर ते उत्तर भलत्याच प्रश्नाचे आहे.

राहिला ‘बायोडिग्रेडेबल’. कुठे आणि किती काळात, हे सोबत नसेल तर खरेदीच्या कागदावर या शब्दाला काही किंमत नाही. ‘कंपोस्टेबल’ला मात्र मोजता येणारी व्याख्या आहे. ती पुढच्या उत्तरात.

प्रश्न : पुरवठादाराने ईएन १३४३२ चे प्रमाणपत्र पाठवले आहे. त्यात नेमके काय पाहायचे?

आधी त्या मानकात काय मागितले आहे ते पाहू. ईएन १३४३२ हे युरोपचे २००० सालचे मानक. अमेरिकेचे एएसटीएम डी६४०० आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १७०८८ ढोबळमानाने याच वळणाचे आहेत. कसोट्या चार.

पहिली रासायनिक. जस्त १५०, तांबे ५०, शिसे ५०, निकेल २५, कॅडमियम ०.५, पारा ०.५, फ्लोरिन १०० अशा मर्यादा आहेत. सगळे आकडे कोरड्या पदार्थाच्या दर किलोला मिलिग्रॅममध्ये. दुसरी जैवविघटनाची : सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, सहा महिन्यांच्या आत पदार्थातला किमान ९० टक्के कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला पाहिजे, किंवा तुलनेसाठी ठेवलेल्या सेल्युलोजच्या ९० टक्के तरी. ‘मग उरलेल्या १० टक्क्यांचे सूक्ष्म प्लास्टिक होते का?’ असे काहींनी विचारले आहे. चाचणीत मोजला जातो तो फक्त बाहेर पडलेला वायू. सूक्ष्मजीव खाल्लेल्या कार्बनचा काही भाग स्वतःच्या वाढीला वापरतात आणि तो वायूत दिसत नाही, म्हणून अट ९० टक्क्यांची आहे. तिसरी कसोटी तुकडे होण्याची : १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त राहता कामा नये. चौथी, तयार खतात दोन जातींच्या वनस्पती उगवून पाहणे. उगवण आणि वाढ साध्या खताच्या तुलनेत ९० टक्क्यांच्या खाली नको.

खरेदीदाराची फसगत होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीच्या फरकात. जैवविघटन पदार्थाचे तपासतात, आणि त्यासाठी नमुना दळून घेता येतो. तुकडे होणे मात्र तयार वस्तूच्या रूपात आणि तिच्या जाडीत तपासतात. तेच रेझिन (म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल) २० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये १२ आठवड्यांत नाहीसे होईल आणि दोन मिलिमीटर जाडीच्या झाकणात चाळणीवर जसेच्या तसे सापडेल. त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्राला कमाल जाडी असते. तुमची वस्तू त्याहून जाड असेल तर ते प्रमाणपत्र तिला लागू नाही.

आता कागद हातात घ्या. प्रमाणपत्र कशाचे आहे : रेझिनचे, फिल्मच्या रोलचे की तयार वस्तूचे? पिशवी बनवणारा बहुधा रेझिन कंपनीचे प्रमाणपत्र पुढे करतो. ते खोटे नसते, अपुरे असते. त्याने मध्ये रंगाचा मास्टरबॅच (रंग देणारे घट्ट दाणे), शाई, गोंद, पट्टी काय घातले, ते त्यात येत नाही. प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे? व्यापाऱ्याच्या नावावर नसेल तर उत्पादकाशी त्याचा संबंध लेखी मागा. क्रमांक आणि मुदत प्रमाणन संस्थेच्या स्वतःच्या यादीत तपासा, पुरवठादाराने पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका. टीयूव्ही ऑस्ट्रिया, डिन सर्टको, बीपीआय या संस्थांच्या याद्या ऑनलाइन खुल्या आहेत. आणि प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. अहवाल प्रयोगशाळेला दिलेल्या त्या एका नमुन्याबद्दल बोलतो. तो नमुना आणि तुमच्या दारात उतरलेला माल एकच, याची हमी त्यात नसते.

‘घरगुती कंपोस्ट’चे चिन्ह वेगळे आहे. तिथे तापमान २० ते ३० अंश, जैवविघटनाला १२ महिने आणि तुकडे होण्याला सुमारे २६ आठवडे धरतात. ऑस्ट्रेलियाचे एएस ५८१० आणि फ्रान्सचे एनएफ टी५१-८०० ही त्याची मानके. ईएन १३४३२ मिळालेली वस्तू घरच्या ढिगात कुजेलच असे नाही. निव्वळ पीएलएचा पेला तर बहुधा कुजत नाही.

खरेदी आदेशात तयार वस्तूचा प्रमाणपत्र क्रमांक, कमाल जाडी, शाई-गोंदासह पूर्ण रचना आणि ‘लेखी संमतीशिवाय घटक बदलायचा नाही’ ही अट घाला. शेवटची अट बहुतेक जण विसरतात, आणि सहा महिन्यांनी पिशवीचा रंग बदलला की प्रमाणपत्र केव्हा निसटले ते कळतही नाही.

प्रश्न : साध्या पॉलिथिनमध्ये एक-दोन टक्के अॅडिटिव्ह घातले की ते कुजते, असे एक विक्रेता सांगतो. यंत्र बदलावे लागत नाही आणि खर्चही थोडाच वाढतो. घ्यावे का?

घेऊ नये. या प्रकारातली ‘ऑक्सो’ अॅडिटिव्ह म्हणजे बहुधा लोह, मँगनीज, कोबाल्ट अशा धातूंचे क्षार. ऊन, उष्णता आणि ऑक्सिजन मिळाले की ते पॉलिथिनची साखळी तोडतात आणि पिशवी ठिसूळ होऊन तिचा चुरा होतो. चुरा होणे म्हणजे कुजणे नव्हे. असा माल ईएन १३४३२ च्या वेळापत्रकात बसत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली, ती जुलै २०२१ पासून लागू आहे. विक्रेत्याला एकच विचारा : तयार पिशवीचे कंपोस्टेबल प्रमाणपत्र आहे का? उत्तरात मानकाऐवजी माहितीपत्रक आले तर विषय संपला.

प्रश्न : माल दारात उतरवून घेताना खरा-खोटा ओळखण्याची काही सोपी तपासणी?

खोटा माल पकडण्याची आहे. खरा असल्याचे सिद्ध करणारी सोपी तपासणी नाही.

फिल्मचा नखाएवढा तुकडा कापा. पेलाभर साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडा बुडवून बोटाने चोळा म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे निघतील, मग सोडा. पॉलिथिनची घनता ०.९२ ते ०.९६, पॉलिप्रॉपिलिनची ०.९० च्या आसपास, दोन्ही तरंगतात. पीएलए १.२४, पीबीएटी साधारण १.२५, पीएचए, पीबीएस (आणखी एक कुजणारे पॉलिएस्टर), स्टार्चची मिश्रणे सगळी १ च्या वर, म्हणजे बुडतात. तुकडा तरंगला तर तो कंपोस्टेबल फिल्मचा नाही, माल परत. (फोमच्या वस्तूला ही तपासणी चालत नाही, आत हवा असते.) बुडला तर मात्र निष्कर्ष काढू नका, कारण पॉलिथिनमध्ये भरपूर कॅल्शियम कार्बोनेट भरले की तेही बुडते.

आयोडीनचा थेंब टाकून निळाकाळा रंग दाखवणारे विक्रेते भेटतात. त्यातून एवढेच कळते की स्टार्च आहे. पॉलिथिनमध्ये स्टार्चची भुकटी मिसळली तरी तोच रंग येतो.

शंका उरली तर प्रयोगशाळेत एफटीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखण्याची चाचणी, करून घ्या. काम मिनिटांचे असते. पीबीएटी आणि पीएलए ही पॉलिएस्टर, त्यांच्या आलेखात १७१० ते १७५० प्रति सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठळक टोक येते. शुद्ध पॉलिथिनमध्ये ते नसते आणि २९१५ व २८५० जवळची जोडगोळी उठून दिसते. दोन्ही दिसली तर मिश्रणाचा संशय धरा. पहिल्या मंजूर मालाचा आलेख जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक बॅचचा त्याच्यावर ठेवून पाहा. एकट्या आलेखापेक्षा ही तुलना जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : कंपोस्टेबल पिशव्या किलोवर घेतल्या तर नग कमी भरतात. शिवाय आठ महिन्यांत गोदामातच तळाचे जोड उसवू लागले. माल निकृष्ट आहे का?

पहिल्या भागात फसवणूक नसावी, हिशेब आहे. ४० बाय ५० सेंटिमीटरची २० मायक्रॉनची पिशवी घ्या. दोन थर मिळून ४,००० चौरस सेंटिमीटर, गुणिले ०.००२ सेंटिमीटर, म्हणजे ८ घन सेंटिमीटर प्लास्टिक. पॉलिथिनचे वजन सुमारे ७.४ ग्रॅम, कंपोस्टेबलचे १० ग्रॅम. किलोला १३६ पिशव्यांच्या जागी १००. म्हणून दर नगावर ठरवा आणि वजन तपासणीसाठी वापरा : दहा पिशव्या तोला, क्षेत्रफळ आणि घनतेने भागा, सरासरी जाडी हाती येते. ती कबूल जाडीपेक्षा कमी असेल तर त्या कमतरतेचे पैसे तुम्ही दर नगाला मोजत आहात.

दुसऱ्या भागाचे कारण रसायनात आहे. पीएलए आणि पीबीएटी दोन्ही पॉलिएस्टर. ओलावा आणि उष्णता त्यांच्या साखळ्या हळूहळू तोडतात. कंपोस्टच्या ढिगात नेमके हेच हवे असते आणि गोदामात हेच नको असते. आधी ताण सोसणारे भाग जातात, म्हणजे जोड आणि घडीच्या रेषा. त्यामुळे या पिशव्यांचे आयुष्य बहुधा वर्षभर किंवा त्याहून कमीच सांगितलेले असते. खोक्यावर उत्पादनाची तारीख नसेल तर माल घेऊ नका, कारण व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेले महिनेही त्याच आयुष्यातून वजा होतात. खोकी बंद ठेवा. उन्हापासून, पत्र्याच्या छताखालच्या वरच्या फळीपासून आणि ओल्या भिंतीपासून लांब. आधी आलेला माल आधी वापरा. वर्षाचा साठा एकदम घेण्यापेक्षा तीन-चार महिन्यांचा हप्ता बरा. दर महिन्याला एका खोक्यातल्या पाच पिशव्यांत ठरलेले वजन भरून एक मिनिट टांगून ठेवा. तळ उसवण्याचे प्रमाण वाढू लागले की ते खोके आधी संपवा.

प्रश्न : पारदर्शक पीएलए पेले गरम पेयाने मऊ पडले. काही पेले तर गाडीतच वाकडे झाले होते. गरम पेयासाठी पारदर्शक कंपोस्टेबल पेला मिळेल का?

साध्या पीएलएचा नाही. हे प्लास्टिक ५५ ते ६० अंशांच्या आसपास कडकपणा सोडते. उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रकमध्ये त्याच्या जवळपास जाणारे तापमान सहज होते, आणि वरच्या खोक्यांचे ओझे बाकीचे काम करते. गरम पदार्थांसाठी पीएलएचे स्फटिकीकरण करून सीपीएलए बनवतात. ते साधारण ८५ अंशांपर्यंत टिकते, पण स्फटिकांमुळे अपारदर्शक होते. म्हणून गरम पेयाची झाकणे आणि चमचे पांढरे किंवा काळे दिसतात. गरम पेयाला आतून पीएलएचे अस्तर दिलेला कागदी पेला आणि सीपीएलएचे झाकण ही जोडी चालते. ताकद कागदाची असते, अस्तर फक्त गळती थांबवते. कागद आणि अस्तर अशा जोडवस्तूंना अमेरिकेत एएसटीएम डी६८६८ हे मानक लागते. पेला आणि झाकण यांची प्रमाणपत्रे वेगवेगळी मागा.

प्रश्न : कोरड्या भुकटीसाठी कंपोस्टेबल पाउच वापरायचे आहेत. आमच्या भरणी यंत्रावर चालतील का?

यंत्राआधी ओलाव्याचा विचार करा. पीएलए आणि पीबीएटी यांतून पाण्याची वाफ पॉलिथिनच्या कित्येक पट वेगाने जाते. त्यामुळे एकपदरी पाउचमध्ये ओलावा ओढणारी भुकटी गोळे धरते. उपाय म्हणजे थरांची रचना : बाहेर कागद, मध्ये धातूचा सूक्ष्म मुलामा दिलेली सेल्युलोज फिल्म, आत सील होणारा कंपोस्टेबल थर, आणि जोडणारा गोंदही कंपोस्टेबल. मुलामा नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ असतो म्हणून तो चालतो, अॅल्युमिनियमची फॉइल चालत नाही. प्रमाणपत्र पूर्ण लॅमिनेटचे, म्हणजे चिकटवलेल्या सगळ्या थरांचे मिळून, हवे. झिप आणि व्हॉल्व्ह असतील तर त्यांचेही.

यंत्रावर त्रास दोन प्रकारचा होतो. पीबीएटी जास्त असलेली फिल्म ताणली जाते आणि छपाईची खूण सरकते; पीएलए जास्त असलेली कडक, तिच्या कडेला चीर पडली की ती धावत जाते. सीलच्या तापमानाची मुभाही पॉलिथिनपेक्षा अरुंद असते. पाच-दहा अंश कमी पडले तर जोड सुटतो, जास्त झाले तर फिल्म यंत्राच्या सील करणाऱ्या जबड्याला चिकटते. पुरवठादाराच्या पत्रकातले तापमान जबड्याचे की फिल्मचे, हे विचारून घ्या. चाचणी अर्ध्या तासाची नको. पूर्ण पाळी, नेहमीच्या वेगाने, रोल बदलून. त्या मालाचे सील लगेच तपासा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा. निर्वात पात्रात पाण्याखाली बुडबुडे पाहण्याची गळती चाचणी पुरेशी आहे.

प्रश्न : प्रमाणपत्र असलेला माल दिला तरी आमचा ओला कचरा घेणारा कंपोस्ट प्रकल्प तो नको म्हणतो. त्याची अडचण काय?

बहुतेक वेळा त्याचे म्हणणे रास्त असते.

मानकात १२ आठवडे धरलेले आहेत. अनेक प्रकल्प सहा-आठ आठवड्यांत ढीग मोकळा करतात, कारण जागा तेवढीच असते. उरलेले तुकडे चाळणीवर येतात आणि कोणता तुकडा कंपोस्टेबल, कोणता साधा, हे मळलेल्या अवस्थेत कोणालाच सांगता येत नाही. म्हणून काही ठिकाणी सुरुवातीलाच दिसेल ती फिल्म काढून टाकतात, खरीही आणि खोटीही. शिवाय पीएलएमध्ये नायट्रोजन नसतो. ढिगाला कार्बन-नायट्रोजनचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे हवे असते आणि या मालाचा बहुतेक भाग शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच होतो, खताला कस देत नाही. प्रकल्पाला फायदा होतो तो पिशवीसोबत येणाऱ्या उष्ट्या-खरकट्याचा. ज्या वस्तूसोबत ओला कचरा येत नाही ती त्याने का घ्यावी? काही देशांच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत अशा प्लास्टिकपासून झालेले खत बसत नाही, तो धोका वेगळाच.

प्रकल्प बायोगॅसचा असेल तर बोलणेच खुंटते. ३५ ते ४० अंशांच्या बंद टाकीत पीएलए काही आठवड्यांत फारसे हलत नाही आणि पिशव्या घुसळणीच्या दांड्याला गुंडाळतात.

प्रकल्पाशी बोलताना आधी कुजण्याचा काळ, ढिगाचे तापमान, चाळणीचे छिद्र आणि सुरुवातीची निवड कशी होते हे विचारा. मग त्यांच्याच ढिगात चाचणी करा. जाळीच्या पाच-सहा पिशव्यांत तुमच्या मालाचे मोजलेले नग प्रकल्पाच्या कच्च्या मिश्रणासह भरा, प्रत्येकीला रंगीत दोरीचा लांब शेपटा बांधा, सुमारे मीटरभर आत पुरा. ढीग पलटताना पिशव्या काढून पुन्हा ठेवा, नाहीतर यंत्र त्या फाडते. सोबत एका पिशवीत साधा कागद ठेवा. तोही कुजला नाही तर दोष ढिगाचा, बहुधा ओलावा कमी पडलेला असतो. प्रकल्पाचा नेहमीचा काळ संपला की त्यांचीच चाळणी वापरून उरलेले तोला. हा आकडा बैठकीत कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त चालतो.

प्रश्न : उसाच्या चिपाडाच्या ताटल्या तर नैसर्गिक असतात. त्यांनाही प्रमाणपत्र कशाला?

तंतू नैसर्गिक असतात. तेल आणि पाणी न शोषण्याचा गुण नैसर्गिक नसतो. तो पूर्वी सर्रास पीएफएएस गटातल्या फ्लोरिनयुक्त रसायनांनी आणत असत, ही रसायने कुजत नाहीत आणि खतात राहतात. म्हणून एकूण फ्लोरिनचा अहवाल मागा, दर किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत. त्यासोबत ‘पीएफएएस हेतुपुरस्सर घातलेले नाही’ असे लेखी घ्या. आतून पातळ फिल्म चिकटवलेली असेल तर तिचे नाव विचारा.

प्रश्न : आमच्याकडे कंपोस्टची सोयच नाही. तरी कंपोस्टेबल घेतले तर निदान नुकसान तरी नाही ना?

आहे. कचरा डेपोत पुरलेले पीएलए फारसे बदलत नाही, म्हणजे फायदा शून्य. कागद, स्टार्च, पीएचए तिथे हवेविना कुजतात आणि मिथेन सोडतात. भंगारात गेले तर आणखी वाईट : पीईटीच्या बाटल्यांत पीएलए मिसळले की पीईटी वाळवण्याच्या १६० अंशांच्या आसपासच्या तापमानाला ते मऊ होऊन चिकटते, आणि पुढे माल धुरकट, पिवळा होतो. अशा ठिकाणी शक्य तिथे परत वापरता येणारे भांडे घ्या, नसेल तर एकाच प्लास्टिकचे, लेबल सहज निघणारे, भंगारवाला खरोखर विकत घेतो असे पॅकेजिंग. कंपोस्टेबल मालाचा विचार ओल्या कचऱ्याच्या डब्यातली अस्तर-पिशवी, टी-बॅग, फळांवरचे स्टिकर अशा वस्तूंपुरता ठेवा. या वस्तू ओल्या कचऱ्यातून वेगळ्या निघतच नाहीत. शेतात पसरून नांगरून टाकण्याच्या आच्छादन-फिल्मला ईएन १७०३३ हे वेगळे मानक आहे. तिथे पिशवीचे ईएन १३४३२ प्रमाणपत्र चालत नाही, कारण मातीत ५८ अंश तापमान नसते.